‘अंगावर काढणं’ आणि ‘पुट अप विथ’

परदेशी जाऊ पाहणाऱ्या नर्सना मी इंग्रजी शिकवते. त्यांचं वैद्यकीय इंग्रजी पक्कं असतं. रोगाचं नाव, औषधाचा डोस, केसपेपरवरचे शेरे, यात त्या कुठे अडत नाहीत. अडतं ते पेशंट आपल्या रोजच्या भाषेत बोलायला लागला की. इंग्लंडमधल्या एखाद्या वॉर्डातली सत्तरीची बाई ‘व्हॉमिटिंग’ हा शब्द क्वचितच वापरेल. ती म्हणेल, ‘आय वॉज थ्रोइंग अप ऑल नाइट, आय कान्ट कीप एनीथिंग डाउन.’ यातला एकूण एक शब्द आपल्याकडे प्राथमिक शाळेतच शिकवून झालेला असतो. थ्रो म्हणजे फेकणे, अप म्हणजे वर, कीप म्हणजे ठेवणे, डाउन म्हणजे खाली. तरी रात्रभर उलट्या होत होत्या आणि पोटात काही ठरत नाही, हे त्या सुट्या शब्दांतून हाती लागत नाही.

पुढचं वाक्य याहून मोलाचं. ‘पेनिसिलिन? ओह, आय कम आउट इन अ रॅश.’ म्हणजे हे औषध घेतलं की अंगावर पुरळ उठतं. ही ॲलर्जीची माहिती आहे, केसपेपरवर ठळक अक्षरांत लिहायची. ऐकणारीनं ‘कम आउट’ म्हणजे बाहेर येणे एवढंच धरलं आणि त्या विचारात पुढचा शब्द निसटला, तर ती माहिती कागदावर उतरतच नाही.

नर्सच्या बाजूनंही तेच. हृदयाच्या पेशंटला घरी सोडताना मीठ कमी करा असं सांगायचं असेल तर ‘कट डाउन ऑन सॉल्ट’. अजिबात बंद करा असं सांगायचं असेल तर ‘कट आउट सॉल्ट’. क्रियापद दोन्हीकडे एकच. ताटात मीठ राहणार की जाणार हे ठरवतो तो त्याच्या मागे लागलेला एवढासा शब्द.

या जोडगोळीला इंग्रजी व्याकरणात फ्रेझल व्हर्ब म्हणतात. हे नाव रूढ केलं लोगन पिअरसॉल स्मिथ यांनी, १९२५ साली, आणि त्यांना ते सुचवलं होतं ऑक्सफर्ड शब्दकोशाचे एक संपादक हेन्री ब्रॅडली यांनी. आपल्याकडच्या बहुतेक गाइडांमध्ये फ्रेझल व्हर्ब शेवटच्या पानांवर यादी करून दिलेले असतात. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी, मध्ये बरोबरचं चिन्ह. मुली ती यादी घोकून येतात. ‘पुट ऑफ म्हणजे पुढे ढकलणे, पुट आउट म्हणजे विझवणे, पुट अप विथ म्हणजे सहन करणे.’ वर्गात विचारलं की धडाधड उत्तरं देतात आणि बोलायची वेळ आली की त्यातलं एकही तोंडातून निघत नाही. माझं ठाम मत असं झालं आहे की यादीनं हे येणार नाही. लक्ष ठेवायचं ते त्या छोट्या शब्दावर, आणि तो पाहायचा वाक्यातच. मराठी बोलणाऱ्याला तर याची भीती वाटायला नको, कारण सकाळी उठल्यापासून आपणही हेच करत असतो.

‘अंग’ घ्या. तिनं दुखणं अंगावर काढलं. त्यानं काम अंगावर घेतलं. प्रकरण अंगाशी आलं. माहेरचं खाल्लेलं अंगी लागलं. जत्रेत तिच्या अंगात आलं. आता मराठी शिकणाऱ्या एखाद्या परक्या माणसाला ‘तिनं ताप अंगावर काढला’ हे वाक्य शब्दकोश देऊन सोडवायला सांगा. काढणे म्हणजे बाहेर आणणे, अंगावर म्हणजे शरीराच्या वर. औषधपाणी न करता, सुट्टी न घेता, घरच्यांना कळूही न देता तिनं तो ताप सोसला, हे त्याला शब्दकोश सांगणार नाही. हे वाक्य आपल्याला कुणी समजावून दिलेलं नसतं. आजीनं आईबद्दल तक्रारीच्या सुरात म्हटलेलं असतं, ‘सगळं अंगावर काढते ही’, आणि आईचा चेहरा समोर असतो. अर्थ तिथून येतो.

आणि ही झाली वाक्प्रचारांच्या अंगानं जाणारी उदाहरणं. साध्या बोलण्यातही आपण क्रियापदाला दुसरं क्रियापद जोडून त्याचा रोख बदलतो. पत्र लिहून टाकलं, म्हणजे डोक्यावरचं एक काम गेलं. लिहून ठेवलं, म्हणजे पुढे कधीतरी लागणार आहे. लिहून दिलं, म्हणजे दुसऱ्यासाठी किंवा पुरावा म्हणून. लिहून घेतलं, म्हणजे दुसऱ्याकडून. आणि ‘लिहून बसला’ म्हटलं की लिहायला नको होतं हे आलंच. टाकणे, ठेवणे, देणे, घेणे, बसणे यांचे मूळ अर्थ तिथे पुसले गेलेले नाहीत, पातळ होऊन उरले आहेत. टाकण्यात सुटका आहे, ठेवण्यात उद्याची तजवीज आहे. इंग्रजी हेच काम क्रियापदामागच्या अप, डाउन, ऑफ, आउट यांच्याकडून करून घेते. राइट डाउन म्हणजे टिपून ठेवणं. राइट अप म्हणजे कच्च्या टिपणांवरून नीट लिहून काढणं.

संस्कृतवाल्यांना तर हे फार आधी उमगलं होतं. जुना श्लोक आहे:

उपसर्गेण धात्वर्थो बलादन्यत्र नीयते ।
प्रहाराहारसंहारविहारपरिहारवत् ॥

उपसर्ग धातूचा अर्थ बळजबरीनं दुसरीकडेच घेऊन जातो. धातू एकच, हृ, म्हणजे नेणे. पुढे प्र लागला तर प्रहार, आ लागला तर आहार, सम् लागला तर संहार, वि लागला तर विहार, परि लागला तर परिहार. जेवण आणि नाश यांच्यामध्ये एका उपसर्गाचं अंतर. कट डाउन आणि कट आउट यांच्यामध्ये जेवढं आहे तेवढंच.

पाणिनीनं उपसर्गांची जागाही सांगून ठेवली आहे. ‘ते प्राग्धातोः’, म्हणजे ते धातूच्या आधी येतात. आणि लगेच पुढच्या दोन सूत्रांत वेदांच्या भाषेबद्दल दोन सवलती: ‘छन्दसि परेऽपि’, वेदांत ते धातूनंतरही येतात, आणि ‘व्यवहिताश्च’, मध्ये दुसरे शब्द घालून लांबही पडतात. ही सूत्रं वाचताना मला दर वेळी ‘टर्न द लाइट ऑफ’ आठवतं. टर्न इथे, ऑफ तिथे, मध्ये लाइट. पुण्यात जर्मन शिकलेल्यांना हा प्रकार आणखी ओळखीचा असतो, कारण तिथेही क्रियापदाचा तुकडा सुटून थेट वाक्याच्या टोकाला जाऊन बसतो. इंग्रजीतही पूर्वी असे शब्द पुष्कळदा क्रियापदाआधी चिकटून येत. अंडरस्टँड, ओव्हरकम, विथस्टँड हे त्या काळचे उरलेले. पुढे ती पद्धत मागे पडली आणि शब्द क्रियापदाच्या पाठीमागे गेले.

हे अवघड आहे हे इंग्रजांनाही ठाऊक होतं. डॉ. सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५ साली आपल्या शब्दकोशाच्या प्रस्तावनेत स्पष्ट लिहिलं की परक्यांना सगळ्यात जास्त त्रास होतो तो या जोड्यांचा. कम ऑफ, फॉल ऑन, ब्रेक ऑफ, सेट इन, सेट आउट अशी उदाहरणंही दिली. पण त्यांचं त्यापुढचं म्हणणं मला जास्त भावतं. ते म्हणतात, आपण या जोड्या फार काळजीनं टिपल्या आहेत, आणि नजरचुकीनं ज्या सुटल्या असतील त्या टिपलेल्यांशी ताडून पाहिल्या की सहज उलगडतील. ताडून पाहणं. म्हणजे एकच ऑफ दहा वाक्यांत पाहायचा आणि त्या दहांत समान काय आहे ते शोधायचं.

तेच करून पाहू. ‘ऑफ’च घेऊ, कारण वर्गात सगळ्यात जास्त गोंधळ याचाच होतो.

दिवा ‘गोज ऑफ’ म्हणजे विझतो. गजर ‘गोज ऑफ’ म्हणजे वाजायला लागतो. दूध ‘गोज ऑफ’ म्हणजे नासतं. बॉम्ब ‘गोज ऑफ’ म्हणजे फुटतो. यादीत हे चार वेगवेगळे अर्थ म्हणून छापलेले असतात आणि विद्यार्थिनी हताश होते, कारण पहिला आणि दुसरा तर एकमेकांच्या उलट वाटतात. एक बंद पडतोय, दुसरा सुरू होतोय. पण ऑफ म्हणजे ‘बंद’ हा अर्थ विजेच्या बटणानं आपल्या डोक्यात बसवला. ऑफ आणि ऑव्ह हे मुळात एकाच शब्दाचे दोन उच्चार, पुढे वेगळे झालेले, आणि त्या शब्दात दूर होणं, सुटून जाणं आहे. या नजरेनं चारही वाक्यं पुन्हा वाचा. दिवा चालू होता, त्या स्थितीतून सुटला. गजर दाबून धरलेला होता, तो सुटला. बॉम्बही तसाच. दूध चांगलं होतं, त्या चांगलेपणातून गेलं. आपण नाही का म्हणत, ‘दूध गेलं’, ‘लाइट गेली’, ‘बंदुकीची गोळी सुटली’?

मग बाकीचे ऑफ पाहा. टेक ऑफ द ब्लाउज, अंगावरून दूर. बसमधून गेट ऑफ, बसपासून सुटून खाली. मीटिंग पुट ऑफ, ठरल्या वेळेपासून उचलून लांब ठेवली. विमानतळावर निरोप देताना सी ऑफ, दूर जाताना पाहणं. आणि कर्ज राइट ऑफ. हा शब्द मराठी वर्तमानपत्रांतही दर काही महिन्यांनी येतो आणि त्याच्यावरून वाद पेटतात, कारण वाचणाऱ्याला वाटतं कर्ज माफ झालं. राइट ऑफ म्हणजे माफी नव्हे. बँकेनं ते कर्ज आपल्या ताळेबंदातून बाजूला काढलं, येणं म्हणून दाखवायचं थांबवलं. कर्जदाराच्या डोक्यावरून ते गेलेलं नसतं, वसुलीचा हक्क राहतो. ऑफ आहे तो वहीवरून. कुणाच्या माथ्यावरून ऑफ, हा प्रश्न एकदा विचारला असता तर कितीतरी वाद झालेच नसते.

‘अप’वर एवढा वेळ घालवायची गरज नाही. तो बहुतेक वेळा काम तडीस नेतो: ईट अप, खाऊन संपव, यूज अप, वापरून संपव, टाय अप, बांधून टाक. आपलं ‘टाकणे’ आणि इंग्रजीचं ‘अप’ पुष्कळदा एकाच कामाला असतात.

घाबरलेल्या मुलींना मी एक गोष्ट नेहमी सांगते. ब्रिटिश नॅशनल कॉर्पस नावाचा दहा कोटी शब्दांचा इंग्रजी मजकुराचा संग्रह आहे. गार्डनर आणि डेव्हिस या दोन अभ्यासकांनी २००७ साली त्यातले फ्रेझल व्हर्ब मोजले. निम्म्याहून जास्त ठिकाणी फक्त वीस क्रियापदं आणि आठ छोटे शब्द यांच्याच जोड्या आढळल्या. गो, कम, टेक, गेट, सेट, पुट यांसारखी क्रियापदं, आणि अप, आउट, डाउन, ऑफ, इन, ऑन, ओव्हर, बॅक यांसारखे शब्द. शेवटच्या पानावरच्या यादीपेक्षा हे किती थोडं आहे.

तरी आपण हे शब्द टाळतो. ‘पुट ऑफ’ऐवजी पोस्टपोन, ‘लुक इंटू’ऐवजी इन्व्हेस्टिगेट, ‘पुट अप विथ’ऐवजी टॉलरेट. याचं एक कारण आपल्या इंग्रजीच्या जन्मात आहे. आपल्याकडे ही भाषा शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या तोंडून आली नाही. कोर्टातून, कचेरीतून, क्रमिक पुस्तकातून आली, आणि तिथे लॅटिन-फ्रेंच वळणाचे शब्द मानाचे. १०६६ नंतर नॉर्मन राजवटीबरोबर इंग्लंडात राज्यकर्त्यांची भाषा फ्रेंच झाली, तेव्हापासून इंग्रजीत दोन थर आहेत: खाली रोजच्या बोलण्यातले शब्द, वर हे लॅटिन-फ्रेंच वळणाचे. आपल्याला वरचा आधी भेटला. पण टाळणारे आपण एकटेच नाही. डगट आणि लॉफर या अभ्यासकांनी १९८५ साली हिब्रू बोलणाऱ्या विद्यार्थ्यांमध्ये हेच पाहिलं. हिब्रूत असा प्रकार नाही म्हणून विद्यार्थी टाळतात, असं या दोघांना वाटलं. चार वर्षांनी हुल्स्टाइन आणि मार्चेना यांनी डच विद्यार्थ्यांना तपासलं. डचमध्ये तर अशी क्रियापदं भरपूर. तरीही ज्यांचा अर्थ सुट्या शब्दांवरून लागत नाही असे फ्रेझल व्हर्ब तेही टाळत होते. म्हणजे आपल्या भाषेत सोय आहे एवढ्यावर भागत नाही. ओळख वाढावी लागते.

आता वाक्यातल्या जागेबद्दल. इथे चूक दिसायला लहान असते आणि ऐकणाऱ्याला लगेच खटकते. मागे एका मुलीनं सरावाच्या वहीत लिहिलं होतं: एमआरआयच्या आधी पेशंटच्या बोटात अंगठी होती, ‘सो आय टुक ऑफ इट.’ मी ते ‘टुक इट ऑफ’ केलं. ती लगेच म्हणाली, ‘मॅडम, टुक ऑफ द रिंग चालतं, टुक द रिंग ऑफ चालतं, मग इटलाच काय झालं?’

अतिशय योग्य प्रश्न होता. इंग्रजी वाक्याचा शेवट वजनाचा असतो, नवी माहिती तिथे येते. अंगठीचा पहिल्यांदा उल्लेख होत असेल तर ‘द रिंग’ शेवटी येऊ शकते. पण ‘इट’ म्हणजे आधी बोलून झालेली वस्तू. त्यात नवीन काही नाही, म्हणून शेवटची जागा त्याला मिळत नाही. नवीन आहे ती काढण्याची क्रिया, आणि ती ‘ऑफ’मध्ये आहे. म्हणून बोलतानाही जोर ‘ऑफ’वर पडतो. मी तिला ते वाक्य मोठ्यानं म्हणायला लावलं. ‘टुक इट’ भरभर, ‘ऑफ’ ठासून. दोन-तीनदा म्हटल्यावर तिनंच ‘टुक ऑफ इट’ म्हणून पाहिलं आणि थांबली. कानाला पटेना. नियम पाठ करण्यापेक्षा हे कितीतरी टिकतं.

याच कारणानं लांबलचक कर्म मध्ये घालायचं नसतं. ‘आय हँडेड द रिपोर्ट दॅट द नाइट शिफ्ट हॅड लेफ्ट ऑन द टेबल ओव्हर’ हे वाक्य व्याकरणात बसवता येईल, पण ऐकणारा ‘ओव्हर’ येईपर्यंत अधांतरी राहतो. ‘आय हँडेड ओव्हर द रिपोर्ट’ म्हणून टाकावं आणि मग तो कुठला ते सवडीनं सांगावं. शुद्ध आणि स्पष्ट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी वहीत दुसरीसाठीही गुण ठेवते.

मात्र सगळ्या जोड्या अशा फोडता येत नाहीत. ‘लुक आफ्टर हर’ म्हणतात, ‘लुक हर आफ्टर’ कधीच नाही. तिथला ‘आफ्टर’ पुढच्या नामाशी बांधलेला आहे. हा फरक ओळखायला एक जुनी जोडी फार उपयोगी पडते. ‘ही रॅन अप द हिल’, तो टेकडीवर धावत गेला. ‘ही रॅन अप द बिल’, त्यानं बिल वाढवून ठेवलं. दिसायला दोन्ही वाक्यं सारखी. आता हिल आणि बिलच्या जागी ‘इट’ घाला. टेकडीचं ‘ही रॅन अप इट’ होतं, बिलाचं ‘ही रॅन इट अप’. ‘अप’ टेकडीचा आहे की धावण्याचा, हे ‘इट’नं दाखवून दिलं. ज्या जोडीबद्दल शंका असेल ती एखाद्या चांगल्या शब्दकोशातल्या उदाहरणात ‘इट’सकट कशी येते ते पाहावं.

लिहिताना आणखी एक. हँडओव्हर, चेकअप, फॉलोअप हे शब्द आपण मराठीतही नाम म्हणून सर्रास वापरतो, आणि नाम असताना ते इंग्रजीत जोडून किंवा मध्ये छोटी रेघ देऊन लिहितात. क्रियापद झालं की फोडायचं आणि काळ पहिल्या तुकड्याला लावायचा: हँडेड ओव्हर, फॉलोड अप. ‘फॉलोअप्ड’ अशी रूपं परीक्षेच्या कागदावर सुद्धा येतात.

स्पष्टपणाबद्दल मी एवढी आग्रही का, तर या छोट्या शब्दांवर माणसांचे जीव अवलंबून असतात म्हणून. २७ मार्च १९७७ रोजी कॅनरी बेटांतल्या तेनेरिफच्या लॉस रोदेओस विमानतळावर दाट धुक्यात केएलएम आणि पॅन ॲम यांची दोन जंबो विमानं धावपट्टीवर एकमेकांवर आदळली. ५८३ माणसं गेली. अपघाताला कारणं अनेक होती: धुकं, गर्दी, घाई, एकाच वेळी बोलल्यानं रेडिओवर चढलेला आवाज. पण त्यातलं एक वाक्य होतं. केएलएमच्या सहवैमानिकानं कळवलं, ‘वी आर नाउ ॲट टेक-ऑफ.’ विमान त्या वेळी धावायला लागलं होतं. नियंत्रकानं अर्थ घेतला, उड्डाणाच्या जागी उभे आहोत. त्यानं ‘ओके’ म्हटलं आणि पुढे थांबायला सांगितलं, पण ते थांबायला सांगणं केएलएमच्या कॉकपिटमध्ये नीट पोचलं नाही.

त्यानंतर विमान वाहतुकीच्या भाषेत दुरुस्ती झाली. ‘टेक-ऑफ’ हा शब्द आता प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारायचा. एरवी सगळीकडे ‘डिपार्चर’. विमानांच्या देखभालीची पुस्तकं ज्या नियंत्रित इंग्रजीत लिहितात तिच्या नियमांत तर फ्रेझल व्हर्ब बनवूच नका असं सांगितलेलं आहे, कारण ती पुस्तकं वाचणारा मेकॅनिक जगात कुठेही, कुठलीही मातृभाषा बोलणारा असू शकतो. मला हा नियम मनापासून पटतो. मी ज्या शब्दांचा दिवसभर सराव घेते तेच टाळायला सांगणारा नियम आहे हा, पण ऐकणारा कोण हे त्यात आधी पाहिलं आहे.

ऐकणारा कोण, याच मापानं मी आपल्या भारतीय इंग्रजीकडेही पाहते. मुंबईच्या लोकलमध्ये ‘आय विल गेट डाउन ॲट दादर’ म्हटलं तर त्यात काही बिघडत नाही. मराठीत आपण जिन्यावरून उतरतो आणि गाडीतूनही उतरतोच, म्हणून डाउन. सगळ्या डब्याला कळतं. लंडनच्या बसमध्ये मात्र ‘गेट ऑफ’, आणि मोटारीतून ‘गेट आउट’. ज्या वाहनात उभं राहून चालता येतं, बस, आगगाडी, जहाज, विमान, त्यावर चढायचं आणि त्यावरून सुटायचं, म्हणून ऑन आणि ऑफ. ज्यात वाकून शिरावं लागतं त्यात इन आणि आउट.

सरकारी कचेरीतली फाइल ‘पुट अप’ होते, म्हणजे वरच्या साहेबापुढे मान्यतेसाठी ठेवली जाते. मंत्रालयात हा शब्द पूर्ण स्पष्ट आहे, तो बदला म्हणून मी कुणाला सांगणार नाही. ‘कोप अप विथ’चं तसं नाही. कीप अप विथ, कॅच अप विथ, पुट अप विथ यांच्या संगतीनं त्या ‘कोप’ला एक अप चिकटला आहे. तिथे तो काहीच काम करत नाही, म्हणून मी तो खोडते. ‘कोप विथ’ पुरे. फॉर्म आपण ‘फिल अप’ करतो. इंग्लंडात तो ‘फिल इन’ करतात, अमेरिकेत बहुतेक ‘फिल आउट’. अर्ज तिकडे जाणार असेल तर तिकडचा शब्द वापरावा.

आणि ‘पास आउट’. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत पासिंग आउट परेड होते, त्या लष्करी वापरातला हा शब्द इंग्लंडातही चालतो. आपण तो प्रत्येक कॉलेजला लावला: ‘मी एकोणीसची पास आउट.’ गावातल्या हॉस्पिटलात नोकरीसाठी हे वाक्य कुणाला अडणार नाही. पण तिकडच्या मुलाखतीत नर्सच्या तोंडी ‘आय पास्ड आउट इन २०१९’ आलं, तर ऐकणाऱ्याच्या मनात पहिल्यांदा शुद्ध हरपणं येतं. म्हणून अर्जात मी ‘आय क्वालिफाइड इन २०१९’ लिहायला लावते. ‘पास आउट’ पेशंटच्या नोंदीसाठी ठेवायचा, आणि त्याच्या सोबतीला त्याचा जोडीदारही त्याच दिवशी शिकवून टाकायचा: ‘शी पास्ड आउट ॲट टेन पास्ट सिक्स अँड केम राउंड आफ्टर अ मिनिट.’ सहा वाजून दहा मिनिटांनी चक्कर येऊन पडली, मिनिटाभरानं शुद्धीवर आली.